जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलेरो २००० साली आली, स्कॉर्पिओ २००२ साली. या दोन्ही गाड्या नाशिकच्या कारखान्यात तयार होत आल्या, म्हणून पार्ट मिळणं इथे फारसं अवघड नाही. अवघड आहे ते नेमका दोष पकडणं. अंदाजाने पार्ट बदलत गेलं तर दहा-बारा हजार सहज जातात आणि गाडी तशीच राहते. खालची उत्तरं चेसिसवर बांधलेल्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहेत. सुमो, क्वालिस, तवेरालाही बहुतेक सगळं लागू पडतं. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

चावी फिरवली की नुसतं ‘टक’ वाजतं, सेल्फ फिरत नाही. बॅटरी बदलू का?

लगेच नको. साधा मल्टिमीटर घ्या आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी आकडा बघा. तो ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली आहे किंवा तिला चार्ज मिळत नाही. १०.५ च्या वर राहूनही सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नका.

अशा वेळी बहुतेकदा अर्थिंग निघतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरा, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिन आणि चेसिसमधली अर्थ पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. ती सोडवा, दोन्ही टोकांची जागा सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. खर्च जवळजवळ शून्य. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरीचा खुंटा आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांच्यात असंच मोजता येतं. तिथेही काही सापडलं नाही, तरच सेल्फ उतरवून सोलेनॉइड, कार्बन ब्रश आणि बुश तपासायचे.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर आधी बेल्ट बघा, मग अल्टरनेटर.

सेल्फ जोरात फिरतो, पण थंडीत गाडी पकडत नाही.

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्या ठिकाणांत असतो. त्यामुळे तिकडच्या वाड्या-वस्त्यांवरून हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो.

पहिली खूण सायलेन्सरमध्ये आहे. सेल्फ मारताना मागे एक माणूस उभा करा. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही: हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) किंवा सेल्फचा मंद वेग. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही: हवा, तुंबलेला फिल्टर किंवा पंपावरचा कट-ऑफ सोलेनॉइड (चावीनुसार डिझेल सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह). मेकॅनिकल पंपाच्या गाडीत चावी ऑन केली की या सोलेनॉइडचा बारीक ‘टिक’ ऐकू येतो. तो येत नसेल तर तिथली वायर आणि फ्यूज आधी बघा.

इंजिनात हीटर प्लग असतील तर ते तपासायला काढायची गरज नाही. वरची पट्टी सोडवा आणि प्रत्येक प्लगचं टोक व इंजिन यांच्यात रेझिस्टन्स मोजा. थंड प्लग सुमारे अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग जळाला आहे. चारपैकी दोन गेले असतील तर चारही बदला. जुना प्लग अडकला तर जोर लावू नका: आदल्या दिवशी तेल सोडा, इंजिन गरम असताना हळूहळू फिरवा. हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं हे नव्या प्लगपेक्षा फार महागाचं काम आहे.

डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी सुरूच होईना.

हवा धरली आहे. फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबा, फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू अर्धा फेर सैल करा, बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत पंप मारा, स्क्रू आवळा. नवा फिल्टर बसवण्याआधीच डिझेलने भरून घेतला तर हे काम निम्मं होतं, पण तो कॉमन रेल गाडीत (जिथे एका सामायिक जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं) असा भरू नका: तिथे बाहेरची धूळ थेट पंपात जाऊ शकते.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचे नट सैल करून सेल्फ मारण्याची पद्धत चालते. सीआरडीई आणि इतर कॉमन रेल इंजिनात ती कधीही करू नका. त्या पाइपांत हजार बारहून जास्त दाब असतो. डिझेलची धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरतं आणि लगेच ऑपरेशन करावं लागतं.

वारंवार हवा धरत असेल तर टाकी ते पंप या वाटेवर कुठेतरी पाइप तडकलेला आहे किंवा क्लिप सैल आहे. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक पाइपचा हातभर तुकडा तात्पुरता लावा. त्यातून बुडबुडे धावताना दिसले की शोध टाकीच्या बाजूला सुरू करायचा.

पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबक भागात फिरणाऱ्यांनी, फिल्टरखालचा पाण्याचा नळ पंधरा दिवसांनी उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढावं. तळाशी बसतं ते पाणी.

गाडी तापते. रेडिएटर बदलायला सांगितलाय.

आधी एकच गोष्ट नीट सांगा: कुठे तापते? द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तापते आणि महामार्गावर वेग घेतला की काटा खाली येतो, की शहरात ठीक असते आणि कसारा घाट चढताना तापते? या दोन गाड्यांचे दोष वेगळे आहेत.

ट्रॅफिकमध्ये तापून वेगात थंड होत असेल तर हवा कमी पडते, म्हणजे फॅन. व्हिस्कस फॅनच्या (इंजिनवरच, तेलाच्या कपलिंगने फिरणाऱ्या पंख्याच्या) गाडीत इंजिन गरम असताना बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवा. तो जड लागायला हवा. सोडल्यावर तीन-चार फेरे सहज घेत असेल, किंवा मधल्या हबभोवती तेलकट काळा थर असेल, तर व्हिस्कस कपलिंग गेलं. विजेचा फॅन असेल तर एसी चालू करा. तो फिरला नाही तर रिले, फ्यूज आणि मोटर या क्रमाने बघा.

चढावर किंवा शंभरच्या वेगात तापत असेल तर पाणी फिरत नाही किंवा थंड होत नाही. इथे टॉर्च लागते. समोरची जाळी काढून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत वरून बघा. दिंडोरी-निफाडच्या कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत त्या फटीत काळी माती, गवताचं बी आणि किडे यांचा फेल्टसारखा थर बसलेला असतो. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, कारण धुणारा फक्त पुढून पाणी मारतो. इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेने, कमी दाबाने पाणी सोडा. प्रेशर गनने पत्र्याच्या पाकळ्या आडव्या पडतात आणि मग हवा कायमची अडते. थर फार घट्ट असेल तर कंडेन्सर पुढे सरकवून, त्याचे पाइप न सोडता, साफ करता येतो.

बाहेरून साफ असूनही तापते? इंजिन गरम करून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरचा पृष्ठभाग ठिकठिकाणी मोजा. मधे कुठे थंड पट्टा आला तर तिथल्या नळ्या आतून बुजल्या आहेत. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून पातेल्यात पाण्यात ठेवा, थर्मामीटर सोडा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतात. ९५ पर्यंत पूर्ण उघडला नाही तर बदला.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो घेऊ नका. इंजिन कायम थंड चालतं, डिझेल जास्त लागतं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की बायपासची वाट उघडीच राहते आणि गाडी उलट जास्त तापते.

शेवटची शंका हेड गॅस्केटची, आणि ती तपासायला हेड उचलावं लागत नाही. सकाळी पूर्ण थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा, गाडी सुरू करा. एकसारखी बुडबुड्यांची रांग येत राहिली, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच, इंजिन कोमट असतानाच, वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर जळालेला वायू पाण्यात येतोय. ऑइलच्या झाकणाखाली थोडा फिकट फेस हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येतो, त्यावरून घाबरू नका. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल आलं तर मात्र गाडी चालवू नका.

हेड उचललंच तर ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासून घ्या. सातपूर-अंबडच्या मशीन शॉपमध्ये फेसिंग, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, होतं. पट्टीखाली ०.१ मिमीची पात सरकत असेल तर फेसिंगशिवाय नवं गॅस्केट टाकणं म्हणजे तेच काम सहा महिन्यांनी परत. हेड बोल्ट नवे घ्या आणि टॉर्क पान्ह्यानेच, मॅन्युअलमधल्या क्रमाने आवळा.

घाटातच काटा लालवर गेला तर?

एसी बंद, आतला हीटर पूर्ण जोरात, खिडक्या खाली, सुरक्षित जागी बाजूला. ऑइलचा दिवा लागलेला नसेल आणि वाफ येत नसेल तर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. काटा उतरत नसेल, पाणी बाहेर येत असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर ताबडतोब बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला किमान पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं.

कूलंटऐवजी साधं पाणी चालेल?

बोअरचं पाणी तर नकोच, क्षार नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. नाशिकच्या थंडीत गोठण्याची भीती नाही. कूलंट लागतं ते गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला. झाकणाची रबरी रिंग तडकली असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं. काहीशे रुपयांचं झाकण आहे, आधी तेच बदलून बघा.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, मग टर्बो ते इनटेकचे होज. होज हाताने वाकवून बघा, क्लिपच्या खाली खालच्या बाजूला चीर असते आणि ती वरून दिसत नाही. चढावर पिकअप नाही, सोबत ‘फुस्स’ आवाज, अशी तक्रार असेल तर बहुतेक तीच. इथे काही सापडलं नाही तर ईजीआर व्हॉल्व्हमधली (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी आणि इंजेक्टर.

निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर निळा झोत आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोवर संशय घ्या. सतत येत असेल तर रिंगा.

पांढरा धूर सकाळी दोन मिनिटं येऊन थांबला तर हीटर प्लग किंवा एखादा इंजेक्टर. इंजिन गरम झाल्यावरही येतो, गोडसर वास आहे आणि पाणी कमी होतंय, तर वरची हेड गॅस्केटची तपासणी करा.

कॉमन रेलमध्ये इंजेक्टर तपासण्याची स्वस्त रीत आहे: चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन दोन मिनिटं आयडलवर चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत तिप्पट डिझेल आलं तर दोषी इंजेक्टर तोच. चारही बदलण्याचा सल्ला देणाऱ्याकडे आधी ही बाटल्यांची चाचणी मागा.

ऑइल कमी होतं. इंजिन खोलायला लागेल का?

गळतं की जळतं ते आधी ठरवा. इंजिन धुवा, दोन दिवस चालवा, खाली पुठ्ठा घालून उभी करा. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग आणि मागचं क्रँक सील या नेहमीच्या जागा.

गळत नसेल तर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरण्याचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर वायू रिंगांवरून खाली येतोय. तरी खोलण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. चार सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन बांधण्याची घाई नको. ब्रीदर पाइप बुजला असेल तरही ऑइल वर फेकलं जातं, आणि तो पाइप साफ करायला अर्धा तास लागतो.

कसारा उतरताना ब्रेक नरम पडतात.

ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबा आणि सोडा, पाय सतत ठेवू नका. तरीही पेडल स्पंजासारखं होत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलंय. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तापलं की त्यात वाफ धरते आणि वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, बाटलीवर जो डॉट नंबर मॅन्युअलने सांगितलाय तोच. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं.

पेडल दगडासारखं कडक होत असेल तर वॅक्यूम बघा. डिझेल इंजिनात त्यासाठी वेगळा पंप असतो, अनेक जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा मारा, दाबून धरा, गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. जात नसेल तर पंप, होज किंवा बूस्टर.

पेडल दाबून धरलं की हळूहळू जमिनीकडे जातं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेलेत. अशी गाडी घाटात नेऊ नका, गॅरेजपर्यंतही टो करूनच न्या.

गाडी एका बाजूला ओढते आणि तेच चाक तापतं, अशा वेळी त्या चाकाचा ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) उघडून बघा. उघडताच चाक मोकळं झालं तर कॅलिपर निर्दोष आहे. रबरी ब्रेक होज आतून फुगून बुजलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, म्हणून कॅलिपर फुकट बदलले जातात.

क्लच गेला हे नक्की कसं कळतं?

सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चालवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर प्लेट घसरतेय. उलट, रिव्हर्स टाकताना करकर होते तर प्लेट नव्हे, क्लच पूर्ण सुटत नाही: क्लच ऑइलची पातळी आणि स्लेव्ह सिलिंडरच्या (गिअरबॉक्सजवळचा, क्लच सोडवणारा सिलिंडर) रबरी टोपीतली ओल बघा. गिअरबॉक्स उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच टाका. मजुरी तीच लागते.

गाडी पुढे-मागे करताना खालून ‘टक्’ येतं.

प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे. चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, आणि शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट पिळा. क्रॉसच्या कपाभोवती तांबूस गंजाची पूड दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया झिजल्यात. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर पेंटची रेघ मारून ठेवा. शाफ्ट अर्धा फेर फिरून बसला तरी ७०-८० च्या वेगात गाडी थरथरते. ग्रीस निपल असेल तर दर ५,००० किमीला ग्रीस, चारही कपांतून जुनं बाहेर येईपर्यंत.

मागून कुरकुर येत असेल तर पाट्यांचे (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांचे) शॅकल बुश आणि यू-बोल्ट बघा. पाट्याचा मधला बोल्ट तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

स्टिअरिंगमध्ये झोल आहे, टायर आतून खातो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार आहे त्याखाली जॅक लावून चाक उचला, चेसिसला स्टँड द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा: झोल असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. ब्रेक दाबून धरल्यावर झोल गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हललं तर टाय रॉड एंड. हे सगळं घट्ट झाल्यावर अलाइनमेंट, नाहीतर तिचे पैसे पाण्यात.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते.

निगेटिव्ह केबल काढून मध्ये अँपिअर मीटर लावा, दारं बंद करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर वाहत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा जिथे पडतो ते सर्किट. नंतर बसवलेला टेप, सेंट्रल लॉक, जीपीएस हे नेहमीचे गुन्हेगार. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळतो.

गाडीला १५ वर्षं होताहेत. काय तयारी करू?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. पेठ रोडच्या आरटीओत नेण्याआधी हँडब्रेक, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, स्टिअरिंगचा झोल आणि चेसिस नंबर नीट वाचता येतो का, हे पाहून घ्या. गंजलेला नंबर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, ग्राइंडर लावू नका. खोडाखोड वाटली तर प्रकरण अडकतं.

धुराच्या चाचणीत बीएस-४ (प्रदूषण नियमांचा टप्पा) च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा दर मीटरला २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ आहे. आदल्या दिवशी एअर फिल्टर बदला, ऑइल जुनं असेल तर तेही. पीयूसी केंद्रावर जाण्याआधी वीस मिनिटं महामार्गावर तिसऱ्या गिअरमध्ये जरा जोरात चालवा, म्हणजे सायलेन्सरमधली साठलेली काजळी निघून जाते. इंजिन गरम असतानाच नळी लावू द्या.